आय-टू-सी बस व तिची परिभाषा

दूरचित्रवाणी संचासारख्या उपकरणांत मायक्रोकंट्रोलर व भोवतालच्या चिप्स यांच्यामधील संदेशवहनासाठी फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये आय-टू-सी बस योजिली. प्रत्येक चिपसाठी तारांचा निराळा जुडगा न देता दोनच तारा सर्वांस समाईक ठेवल्या : एक माहितीची, दुसरी कालस्पंदांची. हाक कोणास आहे, हे ७ बिटांच्या पत्त्यावरून कळावे.

या व्यवस्थेचे मर्म तिच्या मौनात आहे. दोन्ही तारा रोधकांच्या आधारे उच्च विभवावर असतात. चिप तार केवळ खाली ओढते, वर ढकलीत नाही. त्यामुळे बस निवांत असता रोधकांतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. ३.३ व्होल्टवर ४.७ किलोओहमचा रोधक घेतला, तर तार खाली असेपर्यंत सुमारे ०.७ मिलिअँपिअर खर्ची पडतो. रोधक वाढवून ही काटकसर पुढे नेता येते खरी. पण मग तार वर यावयास विलंब लागतो व वेग घटतो.

याच रचनेतून एक शिष्टाचार निष्पन्न झाला आहे. दोघे एकदम बोलू लागले, तर 'एक' पाठवूनही ज्यास तारेवर 'शून्य' आढळते तो निमूट माघार घेतो. दुसऱ्याच्या संदेशातील एक बिटही बिघडत नाही. ज्यास हाक मारली त्यास उसंत हवी असल्यास तोही कालस्पंदांची तार खाली धरून हाक मारणाऱ्यास ताटकळत ठेवू शकतो.

या दोन पक्षांस दीर्घकाळ 'मास्टर' व 'स्लेव्ह' म्हणत. फिलिप्सच्या अर्धवाहक विभागातून २००६ मध्ये निर्माण झालेल्या एनएक्सपी कंपनीने २०२१ च्या आवृत्तीत त्याऐवजी 'कंट्रोलर' व 'टार्गेट' हे शब्द घातले. हेतू सामाजिक औचित्याचा होता. परंतु वर्णन म्हणूनही जुनी जोडी सदोषच होती. धन्यास खोळंबवून ठेवणारा दास कसला? नवी जोडीही, प्रस्तुत लेखकाच्या मते, निर्दोष नाही. 'लक्ष्य' हा मराठी पर्याय निष्क्रियता सुचवितो, आणि 'नियंत्रक' म्हणावे तर सूक्ष्मनियंत्रक स्वतःच कधी लक्ष्य असतो! 'आरंभक' व 'प्रतिसादक' हे शब्द व्यवहारास अधिक जवळचे वाटतात.

अडचण येते ती आय-थ्री-सी या उत्तराधिकारी बसपाशी. तिच्यात प्रतिसादकास कालस्पंद रोखण्याची मुभा नाही. उलट माहितीची तार खाली ओढून तो आपण होऊन लक्ष वेधू शकतो. तेथे 'आरंभक' हा शब्द लटका पडतो. कालस्पंद मात्र तेथेही नियंत्रकच पुरवितो. तेव्हा 'स्पंदक' हे नाव दोन्ही बसना चालावे.