अंगणापर्यंतची वाट

जुन्नर म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें शिवनेरी आणि नाणेघाट उभे राहतात. त्या प्रसिद्ध इतिहासाशेजारीं आणखी एक इतिहास आहे. त्यास शिलालेख नाहीं. उशिरां मान धरणाऱ्या, उशिरां बसणाऱ्या, उशिरां बोलणाऱ्या मुलांचा तो इतिहास होय. "याचा बापही उशिरांच बोलला," असें म्हणून घरांतील वडील मंडळी आईची समजूत घालीत, आणि कित्येकदां तें खरेंही ठरे. जेथें तें खरें नसे तेथें मात्र गेलेला काळ परत मिळत नसे. कारण मेंदूची घडण पहिल्या दोन-तीन वर्षांतच सर्वांत वेगानें होते.

अशा मुलांसाठीं संस्था निघाल्या त्या प्रथम शहरांत. १९४४ सालीं मुंबईस वकील दांपत्यानें आपल्या मुलीच्या निमित्तानें शाळा काढली. १९६४ सालीं पुण्यास 'कामायनी' निघाली. तान्ह्या मुलाकडे लक्ष वळलें तें यानंतर. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९८७ पासून जन्मतः दोन हजार ग्रॅमहून कमी वजनाच्या बालकांची नोंद सुरू झाली, आणि डॉ. सुधा चौधरी प्रभृतींनीं त्यांची वाढ अठराव्या वर्षापर्यंत न्याहाळली.

परंतु जुन्नरहून पुणें सुमारें नव्वद किलोमीटर! आंबेगावच्या पश्चिमेस, डिंभे धरणापलीकडील वाड्यांना तर तें अधिकच दुर्गम. शिवाय हा उपचार एकदां जाऊन घेण्याचा नव्हे. तज्ज्ञानें आईस शिकवावें, आणि तिनें मुलाला पालथें निजविणें, बसविणें, खेळविणें, त्याच्याशीं बोलणें हें रोज घरीं करावें, असें त्याचें स्वरूप आहे. भातलावणीची मजुरी बुडवून कोणती माउली वारंवार पुणें गांठील?

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस बोर्डीच्या समुद्रकांठीं सांपडतें. १९४५ सालीं तेथें ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं बालशिक्षणाचें काम आरंभिलें. गरिबांचीं मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. त्या अंगणवाडीचें नांव १९७५ सालीं एकात्मिक बालविकास योजनेबरोबर देशभर गेलें. पुढें २०१३ सालीं, बोर्डीहून फार दूर नसलेल्या पालघर येथें राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. वैद्यकीय पथकानें वर्षांतून दोनदां अंगणवाडींतील मुलें तपासावीं, विकासांतील विलंबही हेरावा, अशी त्यांत व्यवस्था आहे. उपचाराचें केंद्र मात्र जिल्ह्याच्या ठिकाणीं योजिलें आहे.

म्हणजे तपासणी अंगणांत पोंचली, उपचार अर्ध्या वाटेवर राहिला. घोडेगांवीं वा जुन्नरीं ठरलेल्या वारीं तज्ज्ञ बसला, आणि अंगणवाडीसेविकेनें त्याचा धडा वाडीपर्यंत नेला, तर उरलेली वाट आईस चालतां येईल, असें आम्हांस वाटतें.