वखारीतला माल आणि बेंचवरचा मुलगा

माझं माहेर निपाणीचं. तिथं तेजी-मंदी हे शब्द पोरांच्या कानावर पाढ्यांच्या आधी पडतात. तंबाखूचा भाव उतरला की आमचे आज्जा म्हणायचे, "राहू दे वखारीत. भाव येईल." मंदी म्हणजे थांबायचं, हात आखडून खर्च करायचा आणि वहीत आकडे बघत बसायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. लग्न होऊन हैदराबादेत आले आणि इथे मंदीचा दुसराच अर्थ शिकायला मिळाला. इथे वखारीत पडून राहिला तो माल नव्हता, माणूस होता. वखारीतल्या मालाला भूक लागत नाही, त्याला नातेवाईक काही विचारत नाहीत आणि त्याच्या व्हिसाची मुदत संपत नाही.

हैदराबादेतली मराठी माणसं मूळची नोकरीसाठीच आलेली. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे कोर्ट, शाळा, रेल्वे, सरकारी दफ्तर यांसाठी तिकडच्या माणसाला हैदराबादच राजधानी. 1 नोव्हेंबर 1956 ला त्या राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि कित्येक कारकुनांची बिऱ्हाडंही हलली. आमच्या सुलतान बाजारातल्या जुन्या आजीबाई सांगायच्या, "नोकरी आपली म्हणायची, पण तिची किल्ली लांब कुणाकडं तरी असते." पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी आम्ही तेच अनुभवलं. फरक एवढाच, की किल्ली आता सातासमुद्रापलीकडे होती.

22 नोव्हेंबर 1998 ला माधापूरच्या माळावर सायबर टॉवर्सचं उद्घाटन झालं, पंतप्रधान वाजपेयींच्या हस्ते. त्याआधीच अमीरपेठ जागं झालं होतं. मैत्रीवनमच्या आसपास एकेका इमारतीवर पन्नास पाट्या: कोबोल, मेनफ्रेम, ओरॅकल, जावा. कोबोलला एवढा मान कशामुळे? तर जुन्या प्रोग्रामांत जागा वाचवायला वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले असत. सन 2000 आलं की संगणकाला '00' म्हणजे 1900 वाटणार, आणि बँकांचे, विम्याचे हिशेब कोलमडणार. लाखो ओळी माणसांनी बसून तपासायच्या होत्या. ते काम आपल्या मुलांनी केलं. दोन-तीन महिन्यांचा कोर्स करून, आईच्या पाटल्या मोडून फी भरून, मुलं विमानात बसली. चिलकूरच्या बालाजीला याच काळात लोक 'व्हिसा बालाजी' म्हणायला लागले. नवस बोलताना 11 प्रदक्षिणा, व्हिसा मिळाल्यावर 108.

अमेरिकेनेही दार उघडलं होतं. एच-1बी व्हिसाची वर्षाची मर्यादा 65,000 होती. ती आधी 1,15,000 केली आणि ऑक्टोबर 2000 च्या कायद्याने तीन वर्षांसाठी 1,95,000. पण तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. तिथल्या नॅस्डॅक शेअर बाजाराने 10 मार्च 2000 ला पाच हजारांच्या वरचं शिखर गाठलं होतं आणि मग घसरण सुरू झाली. म्हणजे दार सगळ्यात जास्त उघडलं, तेव्हा आतलं घर रिकामं व्हायला लागलं होतं. ऑक्टोबर 2002 पर्यंत तो निर्देशांक अकराशेच्या घरात आला. नंतर झालेल्या हिशेबाप्रमाणे अमेरिकेतली मंदी मार्च ते नोव्हेंबर 2001, अवघी आठ महिन्यांची. बेकारी मात्र त्यानंतरही वाढत राहिली, ती जून 2003 मध्ये 6.3 टक्क्यांवर पोचली. कागदावरची मंदी आधी संपते, घरातली नंतर.

आमचे धाकटे भाऊजी तेव्हा न्यू जर्सीत होते. थेट मोठ्या कंपनीत नव्हे, एका कंत्राटदाराकडे. या धंद्याला 'बॉडी शॉपिंग' म्हणतात. शियांग बियाओ नावाच्या चिनी अभ्यासकाने हैदराबाद आणि सिडनीत राहून यावर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. कंत्राटदार माणूस आणतो, दुसऱ्या कंपनीला तासाच्या दराने देतो आणि मधला वाटा ठेवतो. काम नसेल तेव्हा माणूस 'बेंच'वर. बेंचवरही पगार द्यायचा, असा तिथला 1998 पासूनचा कायदा; पण कित्येक कंत्राटदार देत नसत, आणि मुलं तक्रार करत नसत, कारण व्हिसा त्याच कंत्राटदाराच्या हातात. नोकरी गेली तर थांबायला एक दिवसाचीही अधिकृत सवलत तेव्हा नव्हती. आज्जांचं "राहू दे वखारीत" इथे लागूच पडत नव्हतं. वाट बघण्याचा हक्क ज्याच्याकडे भांडवल असतं त्यालाच.

दोन खोल्यांत आठ जण राहून, डाळ-भात खाऊन भाऊजींनी चार महिने काढले. जाऊबाई एम.एस्सी., पण आश्रिताच्या व्हिसावर तिला कामाची परवानगी नाही. 2002 च्या पावसाळ्यात दोघं परत आली.

आणि इथे खरी गोष्ट सुरू होते, जी शेअर बाजाराच्या इतिहासात सापडत नाही. सासूबाईंनी सगळ्यांना सांगितलं, "सुट्टीवर आलेत." पर्युषणात मंदिरात बायका विचारायच्या, "परत कधी जाणार?" आणि आम्ही म्हणायचो, "बघू, दिवाळीनंतर." आपल्या समाजात दुकान बुडालं तर चार पाव्हणे येऊन उधारीवर माल भरून देतात. मंदीत दुकान बुडणं हा कुणाला कलंक वाटत नाही. पण शिकलेल्या मुलाची नोकरी गेली, तर मुलातच खोट असणार, हे कुठून आलं? ज्या अमेरिकेच्या स्थळासाठी कालपर्यंत रांग होती, त्यालाच आता लोक नोकरी 'पक्की' आहे का, हे खोदून विचारू लागले. लपवल्यामुळे मदत मागता आली नाही, हे सगळ्यात मोठं नुकसान.

भाऊजी बुधवारच्या इंग्रजी पेपरातली नोकरीची पुरवणी घेऊन खुणा करत बसायचे. वॉक-इनला एका जागेसाठी रस्त्यापर्यंत रांग. अमेरिकेचा अनुभव दाखवला की "हा पगार जास्त मागेल, संधी मिळाली की पळेल" म्हणून नकार. अमीरपेठेत खोट्या अनुभवाची पत्रंही विकत मिळत होती. ती त्यांनी घेतली नाहीत. कोबोल मागे पडलं म्हणून वयाच्या एकतिसाव्या वर्षी पोरांच्या बाकावर बसून टेस्टिंग शिकले. धान्य वखारीत जुनं होतं तसं कौशल्यही होतं, आणि धान्यापेक्षा लवकर.

घर मात्र चालवलं जाऊबाईने. मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन म्हणून एक काम तेव्हा हैदराबादेत नवीन होतं. कानाला हेडफोन लावायचा, अमेरिकन डॉक्टरांनी बोलून ठेवलेला रोग्याचा अहवाल ऐकायचा आणि टाइप करायचा. उच्चार कळत नसत, औषधांची नावं तर मुळीच नाहीत. ती डिक्शनरी मांडीवर घेऊन रात्री सराव करायची. दीड वर्ष आमचं वाणसामान तिच्या पगारातून भरलं. 2003 च्या अखेरीस भाऊजींना बेंगळुरूत नोकरी लागली, पूर्वीपेक्षा खालच्या जागेवर. पेढे वाटले गेले, ते त्यांच्या नोकरीचे. तिला नोकरी लागली तेव्हा कुणी साखरही वाटली नव्हती. आणि बेंगळुरूला जायचं ठरल्यावर तिचं काम सोडायचं, हेही कुणी विचारून ठरवलं नाही.

मंदी पुन्हा आली. सप्टेंबर 2008 मध्ये लेहमन बँक बुडाली आणि 7 जानेवारी 2009 ला सत्यमच्या रामलिंग राजूंनी खोट्या हिशेबांची कबुली दिली. आमच्या अपार्टमेंटमध्ये त्या संध्याकाळी जिन्यात बायका जमल्या होत्या. फ्लॅटच्या हप्त्यांशिवाय दुसरा विषय नव्हता. सरकारने संचालक मंडळ बदललं, एप्रिलमध्ये टेक महिंद्राने कंपनी घ्यायचं ठरलं, म्हणून निभावलं. मग 2022-23 मध्ये गूगलने 12,000 आणि मायक्रोसॉफ्टने 10,000 माणसं कमी करत असल्याचं जाहीर केलं. तोवर, 2017 पासून, नोकरी गेलेल्याला अमेरिकेत 60 दिवस मिळू लागले होते. शून्यावरून साठ.

मैत्रिणींनो, कायदे आपल्या हातात नाहीत, पण घरातलं बोलणं आहे. गेल्या मंदीत माझ्या भाचीची नोकरी गेली. तिने त्याच दुपारी घरच्या ग्रुपवर लिहिलं: "आज माझी नोकरी गेली. मला डेटा इंजिनीअरिंग येतं. कुणाची ओळख असेल तर सांगा." संध्याकाळपर्यंत चार नावं आली. त्यातलं एक जाऊबाईंनी पाठवलं होतं.