महादेवभाईंची रोजनिशी

पुण्याच्या नगर रस्त्यावरील आगाखान राजवाड्याच्या आवारात दोन समाध्या शेजारी-शेजारी आहेत. त्यांपैकी एक कस्तुरबांची, हे बहुतेकांस ठाऊक असते. दुसरी महादेवभाई देसाई यांची. गांधीजींचे चिटणीस, एवढीच त्यांची ओळख येणाऱ्या-जाणाऱ्यांस असते. परंतु नोव्हेंबर १९१७ पासून १४ ऑगस्ट १९४२ पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या आदल्या दिवसापर्यंत, रोजनिशीचे व्रत सांभाळणारा पुरुष म्हणूनही त्यांचे स्मरण व्हावयास हवे.

महादेवभाईंचा जन्म १ जानेवारी १८९२ रोजी सुरत जिल्ह्यातील सरस या गावी झाला. वडील हरिभाई शिक्षक होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेऊन महादेवभाईंनी पुढे कायद्याची परीक्षा दिली, थोडी वकिली केली, सहकारी बँकेत नोकरीही केली. १९१५ मध्ये मित्र नरहरी परीख यांच्यासह ते गांधीजींना प्रथम भेटले आणि दोन वर्षांनी कायमचे त्यांच्याजवळ आले. तेव्हा त्यांचे वय पंचविशीचे होते. आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी रोजनिशी लिहावयास घेतली.

या लेखनाची रीत साधी होती. त्यांना लघुलिपी येत नसे. गांधीजींचे संभाषण, भाषण, पत्रांचा मजकूर ते नेहमीच्याच अक्षरात झरझर टिपून घेत. मुक्काम आश्रमात असो, खेड्यात असो वा तिसऱ्या वर्गाच्या डब्यात असो, वही सोबत असे. कोठे चार ओळी, तर कोठे पानेच्या पाने. सर्व वर्षांच्या नोंदी सलग आहेत असे नाही. मध्ये खंड पडलेले आहेत. डिसेंबर १९२१ मध्ये अलाहाबादेस ‘इंडिपेंडंट’ या पत्राचे काम पाहताना त्यांना अटक होऊन एक वर्षाची शिक्षा झाली, आणि काही काळ त्यांना गांधीजींपासून दूर राहावे लागले. तथापि खंड पडला म्हणून व्रत मोडले असे त्यांनी कधी मानले नाही. वही पुन्हा उघडली जात असे.

रोज लिहिण्याची सवय कित्येकजण लावून घेतात आणि वर्षा-दोन वर्षांत सोडून देतात. याचे कारण आळस हे असतेच; पण स्वतःविषयी लिहिण्यासारखे लवकर संपते, हेही असावे. महादेवभाईंनी आपल्या लेखणीचा विषय आपणाबाहेर ठेवला आणि काय टिपावयाचे याची कक्षा मात्र संकुचित केली नाही. मार्च १९३२ मध्ये येरवडा तुरुंगात त्यांना गांधीजी व सरदार पटेल यांच्याजवळ आणण्यात आले. त्या वर्षीची रोजनिशी वाचताना हे विशेष जाणवते. सप्टेंबरातील उपोषण व पुणे करार यांची हकीकत तीत आहे, आणि त्याच वहीत सरदार जुन्या कागदांचे लखोटे करीत बसतात. औंधच्या पंडित सातवळेकरांची पुस्तके पुढे ठेवून उतारवयात संस्कृत शिकतात. गांधीजी पेयात सोडा घालतात म्हणून कोणतीही अडचण निघाली की तीवरही सोडाच सुचवितात. ही थट्टा टिपण्याजोगी आहे, हे त्या रात्री ठरविणे सोपे नव्हते. तुरुंगातील सरदार आज आपणास हसताना दिसतात, ते या निवडीमुळे.

या वह्यांतून इतर लेखनासही खतपाणी मिळे. ‘हरिजन’मधील त्यांची साप्ताहिक पत्रे, बार्डोलीच्या सत्याग्रहाचा इतिहास, गांधीजींच्या आत्मकथेचा इंग्रजी अनुवाद हे सारे याच वर्षांतले. बेळगावच्या कारावासात तर त्यांनी ‘अनासक्तियोगा’चे इंग्रजी रूपांतर विस्तृत प्रस्तावनेसह सिद्ध केले.

एवढ्या लेखनात महादेवभाई स्वतः फारसे भेटत नाहीत. १९३६ पासून गांधीजी सेगाव येथे राहू लागले. महादेवभाई वर्ध्यास मगनवाडीत राहत आणि रोज सुमारे पाच मैल जाऊन तितकेच परत चालत येत. वर्ध्याचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांस याचा अर्थ निराळा सांगावयास नको. मार्च १९३८ मध्ये ओरिसातील देलांग येथे असताना कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या पत्नी दुर्गाबेन पुरीच्या जगन्नाथ मंदिरात जाऊन आल्या. हरिजनांना तेथे प्रवेश नव्हता. गांधीजींना अतिशय दुःख झाले, आणि महादेवभाईंनी घरच्यांस नीट समजावले नाही असा दोष त्यांनी दिला. वीस वर्षे सावलीसारख्या राहिलेल्या या माणसाने तेव्हा आपणास सेवेतून मुक्त करण्याची विनंती केली. गांधीजींनी ती मानली नाही. महादेवभाईंनी सारा प्रसंग ‘हरिजन’मध्ये स्वतःच लिहून प्रसिद्ध केला. स्वतःस लेखणीपुढे उभे करण्याचा असा प्रसंग त्यांच्या लेखनात विरळाच. त्याच वर्षी त्यांची प्रकृती ढासळली व विश्रांतीसाठी त्यांना सिमल्यास जावे लागले.

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक होऊन त्यांना गांधीजींसह आगाखान राजवाड्यात आणण्यात आले. सहाव्या दिवशी, १५ ऑगस्टला सकाळी, हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. त्यांचे वय अवघे पन्नास वर्षांचे होते. गांधीजींनी आपल्या हातांनी त्यांच्या देहास स्नान घातले आणि राजवाड्याच्या आवारातच अग्निसंस्कार केला.

वह्या मागे राहिल्या. १९१५ साली जे त्यांच्यासोबत गांधीजींकडे गेले होते, त्या नरहरी परीखांनीच त्यांचे संपादन हाती घेतले. येरवड्याच्या वर्षाचा पहिला खंड १९४८ मध्ये नवजीवनने प्रसिद्ध केला. तो पाहावयास गांधीजीही उरले नव्हते. पुढील खंडांचे काम चंदुलाल दलाल यांनी चालविले. १९५५ चा गुजराती भाषेचा साहित्य अकादमी पुरस्कार या रोजनिशीस मिळाला, तेव्हा लेखकास जाऊन तेरा वर्षे झाली होती. हजारो पाने लिहिणारे महादेवभाई स्वतः कसे होते, हे सांगण्यासाठी मात्र त्यांचे पुत्र नारायणभाई देसाई यांना त्यांचे स्वतंत्र चरित्र लिहावे लागले.