आधी हिशेब, मग बोलणी

सप्टेंबर १९७१ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, प्रशांत महासागराच्या काठी राहणाऱ्या क्विनॉल्ट जमातीने चाउ चाउ नावाचा पूल अडवला आणि लाकडाची वाहतूक बंद पाडली. जंगल त्यांच्याच राखीव प्रदेशातले. पण त्याचा कारभार पाहायचे 'ब्युरो ऑफ इंडियन अफेअर्स' हे केंद्र सरकारचे खाते. तोडीनंतर पडून राहिलेल्या फांद्यांनी ओढे तुंबत आणि सामन माशाची वाट बंद होई. या आंदोलनातले जो डेलाक्रूझ पुढे वीसहून अधिक वर्षे जमातीचे अध्यक्ष होते. पुलाची गोष्ट पुष्कळ जण सांगतात. मला त्यांचे नंतरचे काम अधिक मोलाचे वाटते, आणि ते बहुतेक कागदावरचे आहे.

१९७५ च्या कायद्याने जमातींना सरकारी योजना स्वतः चालवायला मागण्याचा हक्क दिला. कायद्याचा क्रमांक ९३-६३८. म्हणून तिकडे एखादा दवाखाना 'सहाशे अडतीस केला' असे आजही बोलतात. मात्र यात जमातीची गत ठेकेदारासारखी होती. योजना खात्याने आखलेली, बदल करायचा तर खात्याची परवानगी. १९८८ मध्ये निराळा प्रयोग सुरू झाला. जमातीने सरकारशी सरकार या नात्याने करार करायचा आणि मिळालेला पैसा आपल्या गरजेप्रमाणे वापरायचा. १९९० मध्ये पहिले करार झाले. क्विनॉल्ट, लमी, हूपा त्यांत होत्या. १९९४ मध्ये ही व्यवस्था कायम झाली.

बोलणीला बसण्याआधी तयारी झालीच पाहिजे, अशी अट कायद्यातच आहे. जमातीच्या कौन्सिलचा ठराव हवा. मागच्या तीन वर्षांच्या लेखापरीक्षणात गंभीर आक्षेप नकोत. कार्यालय सज्ज हवे, आणि कायद्याचा व अंदाजपत्रकाचा अभ्यास हवा.

खरी कसोटी या शेवटच्या कामात. जमातीला दिसे तो जवळच्या कचेरीतला खर्च. पण तिच्या नावाने विभागीय कार्यालयात आणि राजधानीतल्या मुख्यालयातही माणसे पगार घेत होती. त्यातला आपला वाटा किती? आकडे खात्याच्या कपाटात, आणि ज्याच्या हातून पैसा जाणार त्याच्याकडेच ते मागायचे. (सरकारी कचेरीत एखाद्या कागदाची नक्कल मागायला गेलेल्यांना अधिक सांगायला नको.) वर खाते म्हणे, अमुक काम फक्त केंद्र सरकारच करू शकते, त्याचा पैसा वाटता येत नाही. मग त्यातले कोणते काम खरोखर तसे आणि कोणते नुसते खुर्ची राखण्यापुरते, हे कलमे दाखवून सिद्ध करावे लागे.

घरातही समजूत घालावी लागे. १९५० च्या दशकात सरकारने काही जमातींशी असलेले नातेच तोडून टाकले होते. विस्कॉन्सिनमधल्या मेनॉमिनींना आपली मान्यता परत मिळायला १९७३ साल उजाडले. त्यामुळे वडीलधाऱ्यांना शंका येई, की आज दवाखाना हाती देतील आणि उद्या म्हणतील, आता तुमचे तुम्ही पाहा! ती भीती अनाठायी नव्हती, असे मला वाटते. म्हणून तहांमधून आलेली सरकारची जबाबदारी कायम राहते आणि जमातीला योजना परतही करता येते, या दोन्ही तरतुदींना तिथे फार महत्त्व आहे.

तरी एक गोष्ट बोलणीत सुटेना. दवाखाना चालवायचा म्हणजे हिशेबनीस, विमा, लेखापरीक्षण हे सगळे आलेच. हा वरखर्च सरकार वर्षानुवर्षे अपुरा देई आणि निधी नाही म्हणून सांगे. जमाती न्यायालयात गेल्या. २००५ मध्ये चेरोकी आणि २०१२ मध्ये रामाह इथले नावाहो सर्वोच्च न्यायालयात जिंकले. कबूल केलेला खर्च सरकारने पुरता द्यावा, असा निकाल झाला. दवाखान्याला विमा कंपन्यांकडून मिळालेला पैसा रुग्णसेवेवर लावताना येणारा वरखर्चही सरकारनेच द्यायचा, हे २०२४ मध्ये ठरले. तिथे सॅन कार्लोस अपाची जमातीच्या बाजूने पाच न्यायाधीश होते आणि विरुद्ध चार.