प्राणघातक दूध आणि जस्ताचे वाहक

पत्र्यावर मुलामा म्हणून चढविलें जाणारें जस्त आपल्या रक्तामांसांतहि वास करतें. प्रौढ माणसाच्या शरीरांत तें सुमारें २ ते ३ ग्रॅम असतें. तें उणें पडलें तर मुलांची वाढ खुंटते. पेशींत फाजील सांचलें तर पेशीच मरते. तेव्हां जस्त आंत घेणें जितकें अगत्याचें, तितकेंच तें बाहेर काढणेंहि. हें काम कोण करतें, या शोधाचा एक धागा उंदरांच्या एका दुर्दैवी वंशापाशीं जातो.

या वंशांतील पिल्लें दूध सुटण्यापूर्वींच मरत. तींच पिल्लें निरोगी मादीला लावलीं तर जगत. उलट निरोगी पिल्लें या मादीला लावलीं तर तींहि दगावत. दोष पिल्लांत नव्हता, दुधांत होता. या विकृतीला शास्त्रज्ञांनीं नांवच दिलें ‘प्राणघातक दूध’. १९७८ सालीं पिलेट्झ व गॅन्शॉ यांनीं दाखविलें कीं, या दुधांत जस्त फार कमी आहे. मादीच्या खाण्यांत तर जस्त होतें. मग तें दुधांत कां उतरेना?

उत्तराची पहिली खूण १९९५ सालीं सापडली. पामिटर व फिंडली यांनीं जस्त मुळींच न सोसणाऱ्या हॅमस्टरच्या पेशी घेतल्या, त्यांत उंदराचीं जनुकें घातलीं आणि त्यांना जस्तमिश्रित द्रवांत ठेविलें. जगून राहिलेल्या पेशींत जें जनुक मिळालें, त्याचें प्रथिन पेशीच्या बाह्य पटलांत बसून जस्त बाहेर लोटीत होतें. त्याला ‘झेड-एन-टी-१’ म्हणूं लागले. ‘प्राणघातक दूध’ म्हणणाऱ्यांच्या मानानें हें नांव फारच रुक्ष! १९९७ सालीं हुआंग व गिट्शिअर यांनीं त्या उंदरांतील दोष याच कुळांतल्या चौथ्या प्रथिनाच्या जनुकांत शोधून काढला. मानवांत या कुळाचीं १० प्रथिनें आहेत.

त्यांची रीत मोठी मौजेची आहे. २००७ सालीं लू व फू यांनीं ई. कोलाय जंतूंतील अशाच एका प्रथिनाची रचना क्ष-किरणांच्या साहाय्यानें उकलली. प्रथिनाचें तोंड कधीं आंतल्या बाजूस उघडतें, कधीं बाहेरच्या. दोन्हीकडे एकदम कधींच नाहीं. मधोमध चार हातांनीं धरावा तसा जस्ताचा कण धरला जातो, तोंड फिरतें, आणि कण बाहेर सुटतो. या कामाला लागणारी शक्ति उलट दिशेनें आंत शिरणाऱ्या प्रोटॉनांकडून मिळते.

मानवी स्तनांत हें काम मुख्यत्वें दुसऱ्या क्रमांकाचें प्रथिन करतें, चौथें नव्हे; उंदरांवरून माणसाचें अनुमान किती जपून करावें लागतें पहा. तें जस्त इवल्या पोकळ्यांत भरतें आणि त्या पोकळ्या दुधांत रित्या होतात. २००६ सालीं कांहीं मातांत या प्रथिनाचें जनुक बिघडलेलें आढळलें. केवळ अंगावर पिणाऱ्या त्यांच्या बाळांच्या तोंडाभोवतीं चट्टे उठत. अशा आईनें स्वतः कितीहि जस्त घेतलें तरी दूध सुधारत नाहीं, कारण अडखळा पोटांत नसून स्तनाच्या पेशींत आहे. जस्ताचें औषध बाळालाच द्यावें लागतें. तें दिलें कीं चट्टे मावळूं लागतात, आणि आईला पाजणें थांबवावें लागत नाहीं.