तळटीप ७ : ‘डूम’ची नेमकी कोणती प्रत?

७. ‘फुकटातला डूम’ : पूर्ण खेळ नव्हे, तर त्याचा नऊ नकाशांचा पहिला भाग. आयडी सॉफ्टवेअरने तो १० डिसेंबर १९९३ रोजी खुला केला. वाटायची मुभा असल्याने प्रती फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरल्या. भारतात पुढे ‘डिजिट’सारख्या मासिकांच्या सीडींनी अशा डेमोंचा रतीबच घातला.

हाती आलेली प्रत कोणत्या आवृत्तीची?

फाइलच्या तारखेवर विसंबू नये. नक्कल करताना ती बदलू शकते. आकार अधिक बोलका : १.० आवृत्तीची डेटा-फाइल ४२,०७,८१९ बाइटची, तर १९९५ची १.९ त्याहून लहान, ४१,९६,०२० बाइटची. आकार जुळूनही आतला एखादा बाइट बदललेला असू शकतो. म्हणून जाणकार एमडी५ चेकसम काढून तो खात्रीच्या प्रतीशी ताडून पाहतात.