कुठली धावपट्टी? जुहू, सांताक्रूझ आणि जमिनीवरच्या खुणा

(शेलू येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



तुमच्यातले बरेच जण रोज कर्जत लोकलनं जाता-येता. जुलैतली रात्र, खिडकीच्या काचेवरून पाणी वाहतंय, बाहेर काळोख. वांगणी गेलं आणि आता शेलू आलं, हे कशावरून कळतं? फलाट सगळे सारखेच. पिवळ्या पाटीवरची काळी अक्षरं दिसली तर ठीक, नाहीतर थेट नेरळला उतरायचं आणि उलटी गाडी धरायची. आपली चूक थोड्या वेळात निस्तरते. वैमानिकाला मात्र खाली कुठली पट्टी आहे हे टेकण्याआधीच कळावं लागतं. मुंबईत हे दोनदा चुकलं. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

सुरुवात जुहूपासून करू. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. विमान पुस मॉथ, एका इंजिनाचं. जुहू तेव्हा समुद्रालगतची चिखलाची सपाटी होती. पावसाळ्यात तिथं पाणी भरायचं, म्हणून टाटांची विमानं पुण्याला येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर न्यावी लागत. म्हणजे त्या काळी पावसात खुणा दिसत नव्हत्या असं म्हणण्यातही अर्थ नाही. मैदानच पाण्याखाली असायचं.

पुढे दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझला रॉयल एअर फोर्सचा मोठा तळ होता. युद्धानंतर प्रवासी वाहतूक तिकडे गेली आणि जुहू छोट्या विमानांसाठी राहिलं. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. दोन्ही विमानतळांत अंतर जेमतेम तीन-चार किलोमीटर. समुद्रावरून सांताक्रूझकडे येणाऱ्या विमानाला आधी जुहू लागतं. दोन्हीकडची एक-एक पट्टी साधारण पूर्व-पश्चिम. फरक लांबीचा. जुहूची पट्टी सुमारे साडेअकराशे मीटर, सांताक्रूझची मुख्य पट्टी तिच्या जवळजवळ तिप्पट.

15 जुलै 1953. ऐन पावसाळा. बीओएसी कंपनीचं कॉमेट, म्हणजे त्या काळातलं सर्वांत नवं जेट, सांताक्रूझऐवजी जुहूला उतरलं. ते सुखरूप राहिलं आणि नऊ दिवसांनी तिथूनच उडवून नेलं. 24 सप्टेंबर 1972 ला मात्र नशिबानं तेवढी साथ दिली नाही. लंडनहून निघून टोकियोकडे चाललेलं जपान एअरलाइन्सचं डीसी-8, विमानात 122 माणसं. सकाळच्या धूसर हवेत समोर पट्टी दिसली आणि विमान उतरवलं. ती जुहूची निघाली. विमान पट्टी ओलांडून पुढे गेलं. कोणी दगावलं नाही, काही जण जखमी झाले, पण ते विमान पुन्हा उडालं नाही.

आपण लगेच म्हणतो, ‘पट्टीवर एवढा मोठा आकडा लिहिलेला असतो, वाचता आला नाही?’ तर हा आकडा काय असतो ते पाहू. पट्टीची चुंबकीय दिशा अंशांत मोजायची आणि दहानं भागायचं. जुहूला आज 08 आहे, सांताक्रूझच्या मुख्य पट्टीला 09. शेजारशेजारचे आकडे! अंक निदान नऊ मीटर उंच रंगवायचे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ऐकायला प्रचंड वाटतं. पण वैमानिक वरून, उभ्यानं बघत नाही. तो साधारण तीन अंशांच्या उतारानं येतो. त्या कोनातून नऊ मीटरचा अंक अर्ध्या मीटरहून कमी उंचीच्या पाटीएवढाच भासतो. शिवाय विमान सेकंदाला सत्तर मीटरच्या आसपास येतंय. एक किलोमीटरवरून आकडा वाचला असं धरलं, तरी हातात चौदा-पंधरा सेकंद. तोवर माणसाच्या मनानं ‘हीच आपली पट्टी’ असं ठरवून टाकलेलं असतं.

त्यात पावसाची भर. रंगात काचेचे बारीक मणी मिसळतात, ते दिव्याचा प्रकाश आलेल्या दिशेला परत पाठवतात. पण रंगावर पाण्याचा पातळ थर बसला की तो आरशासारखा वागतो. प्रकाश पुढे निघून जातो, खूण काळी पडते. ओल्या डांबरी रस्त्यावर रात्री पांढरा पट्टा दिसेनासा होतो, तुम्ही गाडी चालवताना अनुभवलं असेल. आणि जिथं विमानं टेकतात नेमकं तिथं टायरचं रबर घासून बसतं. म्हणजे जी खूण सर्वांत जास्त लागते, तीच सर्वांत आधी झाकली जाते.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. 1960 मध्ये लंडनला हीथ्रोकडे निघालेलं पॅन ॲमचं बोइंग 707 शेजारच्या छोट्या नॉर्थोल्टला उतरलं. तिथं वाटेवरच्या अवाढव्य गॅसच्या टाक्यांवर अक्षरं रंगवली गेली: एकीवर हीथ्रोसाठी ‘एल एच’, दुसरीवर नॉर्थोल्टसाठी ‘एन ओ’. मला यातला विचार महत्त्वाचा वाटतो. वैमानिकाला नुसतं ‘नीट बघ’ असं सांगून ते थांबले नाहीत. पट्टीवर पोचायच्या आधीच, उभ्या भिंतीवर, जागेचं नाव लिहिलं. आज ते काम मुख्यतः रेडिओ संकेत आणि पट्टीच्या अलीकडचे दिवे करतात. हवा स्वच्छ असली तरी यंत्राशी ताडून पाहायची शिस्त अशाच चुकांमधून आली.

म्हणून रंगाचं काम संपलं का? नाही. शेवटच्या क्षणी चाकं मध्यरेषेवर ठेवायची तर डोळ्यांना जमिनीवरची रेष लागतेच. मुंबई विमानतळाच्या दोन्ही पट्ट्या पावसाळ्याच्या आधी आणि नंतर दुरुस्तीसाठी सहा तास बंद ठेवतात. आपण बातमी वाचतो ती उड्डाणं रद्द झाल्याची. त्या सहा तासांत भर उन्हात पट्टीवर राबणारी माणसं बातमीत नसतात.

आता आपल्याच रायगड जिल्ह्यात नवी मुंबईचा विमानतळ झाला आहे. 25 डिसेंबर 2025 पासून तिथून प्रवासी विमानं जाऊ लागली. आपला पाऊस कसा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या पट्टीवरच्या खुणांनाही तो दरवर्षी काढायचा आहे. तेव्हा पुढच्या वेळी ‘दुरुस्तीसाठी धावपट्टी बंद’ असं वाचलंत, तर वैतागण्याआधी जुहूला उतरलेली ती दोन विमानं आठवा.